वाड्याची मोजदाद

सप्टेंबर १८२४ मध्ये कित्तूरचे देसाई शिवलिंगरुद्र सर्जा निपुत्रिक वारले. मृत्यूच्या तोंडावर त्यांनी शिवलिंगप्पा नावाचा मुलगा दत्तक घेतल्याचं कित्तूरकरांनी कळवलं. धारवाडचा कलेक्टर आणि पोलिटिकल एजंट सेंट जॉन थॅकरे याला हे दत्तकपत्र मागाहून रचलेलं वाटलं. वारसाचा निकाल लागायला महिने लागणार होते, पण तेवढ्यात वाड्यातला पैका कोणी हलवला तर? म्हणून त्याने मुंबईच्या हुकुमाची फार वाट न पाहता कित्तूरच्या खजिन्यावर मोहरा केल्या, चौक्या बसवल्या आणि देखरेखीला आपली माणसं नेमली. खजिना सुमारे १५ लाखांचा असल्याचा अंदाज होता.

२३ ऑक्टोबरला किल्ल्याचे दरवाजे आतून बंद झाले. थॅकरेने तोफा लावून ते उडवण्याची धमकी दिली. दरवाजे उघडले, पण आतून फौज बाहेर पडली. थॅकरे मारला गेला, त्याच्याबरोबर कॅप्टन ब्लॅक आणि आणखी दोन गोरे अधिकारी पडले. स्टीव्हन्सन आणि वॉल्टर एलियट हे दोन मुलकी अधिकारी कैद झाले. शिवलिंगरुद्रांच्या सावत्र आई राणी चन्नम्मा यांनी चालवलेल्या या लढ्यावर कन्नडमध्ये लावण्या झाल्या, नाटकं झाली, सिनेमा निघाला. या सगळ्यात ठिणगीचा तपशील मागे पडतो. एका घरात शिरून त्यातल्या वस्तूंची यादी करण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नावरून ही लढाई पेटली होती.

बेळगाव-निपाणीच्या मुलखातल्या जुन्या घरांचा इतिहास वाचताना हा प्रश्न पुन्हा पुन्हा आडवा येतो. देसाई, सरदार, इनामदार यांचे वाडे कसे होते, आत माणसं काय खात-नेसत होती, कशावर निजत होती, हे सांगायला चित्रं फार थोडी आहेत आणि रोजनिशा त्याहून थोड्या. उरतात त्या याद्या. त्यातल्या बऱ्याचशा घर हातातून जायच्या वेळी झालेल्या.

घर चालू असतानाची मोजदाद आपल्याकडे नव्हती असं मात्र नाही. शिवाजी महाराजांच्या निधनानंतर कोठारांत आणि खजिन्यात काय काय होतं, याची लांबलचक यादी कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या सुमारास जिंजीत लिहिलेल्या बखरीत आहे. नाण्यांच्या कितीतरी जाती, जडजवाहीर, कापड, धान्य, तेल, मसाले, घोडे, हत्ती. आकडे किती खरे यावर तज्ज्ञांनी वाद घालावा. सामान्य वाचकाला महत्त्वाची वाटावी ती त्या यादीची मांडणी. राज्याचा संसार अठरा कारखान्यांत विभागलेला असे. जवाहीरखाना, जामदारखाना, फरासखाना, मुदपाकखाना, आबदारखाना, पीलखाना, शुतुरखाना, दारूखाना वगैरे. प्रत्येकाचा दारोगा, प्रत्येकाचा कारकून, प्रत्येकाचा हिशेब. पेशव्यांनी हीच घडी पुढे नेली, आणि दक्षिणेतल्या पटवर्धन, निपाणकर, कित्तूरकर यांच्यासारख्या सरदार-देसायांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे तिची छोटी आवृत्ती आपल्या वाड्यात बसवली. मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे खंड काढले, त्यांत लढायांच्या पत्रांच्या मधूनमधून हा घरगुती व्यवहार डोकावतो. पेशवे दप्तरातून रियासतकार सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात जे ४५ खंड निवडून छापले, त्यांतले काही तर पेशव्यांच्या खासगी आयुष्यालाच वाहिलेले आहेत.

तुलनेला आयर्लंड घेता येईल. तिकडे अशा याद्यांचा अभ्यास चांगला झाला आहे. ऑर्मंडच्या ड्यूकांच्या किल्केनीच्या किल्ल्याच्या सतराव्या शतकातल्या याद्या उपलब्ध आहेत. तिथे मोजणारा माणूस एकेका खोलीत शिरतो आणि समोर दिसेल ते लिहितो. या दालनात अमुक पलंग, अमुक पडदे, अमुक खुर्च्या, पुढची खोली, मग जिना, मग नोकरांच्या खोल्या. यादी वाचता वाचता घरातून चालत गेल्यासारखं होतं. मराठी याद्या तसं चालू देत नाहीत. त्या खोलीवार नसून खात्यावार आहेत. याचं कारण कारकुनांच्या सवयीपेक्षा घराच्या बांधणीत जास्त सापडतं. आपल्या वाड्यात खोलीला कायमचं सामान नव्हतं. ज्या सोप्यावर सकाळी कचेरी, तिथेच दुपारी वामकुक्षी आणि रात्री पाहुण्यांची पथारी. जाजम, गालिचे, लोड, तक्के, गिरद्या, समया, पडदे हे सगळं फरासखान्यात जमा. काम पडेल तेव्हा फरास येऊन अंथरणार, काम झालं की गुंडाळून परत नेणार. बैठक ही जागा नव्हती, ती घातली जाई आणि उचलली जाई. त्यामुळे सरदाराचं दिवाणखान्यातलं वैभव पाहायचं तर फरासखान्याचा झाडा बघायचा, आणि त्यातून खोली मनात उभी करायची. निजण्याची खोली कुठली, हे यादीवरून बहुधा कळतच नाही.

स्वयंपाकघराचंही असंच. भांडी नगावर लिहिलेली असत, आणि त्यापुढे वजन. तांब्याचे हंडे, घंगाळी, तपेली, पराती: इतके नग, वजन इतके मण, इतके शेर. आकार, घडण, नक्षी यांना जागा नाही. तांबं-पितळ मोडीतही पैसे देतं, म्हणून कारकुनाच्या लेखी भांडं म्हणजे धातू. चांदीची ताटं, गडू, झारी, अत्तरदाणी, गुलाबदाणी, पानदान हे मुदपाकखान्याऐवजी जामदारखान्यात दिसतात, म्हणजे ती रोज निघत नसत, पाहुणा आला की मोजून बाहेर आणि मोजून आत. कापडाच्या बाबतीत मात्र कारकुनाची नजर बारीक. पैठणी, चंदेरी, बऱ्हाणपुरी, शेले, शालजोड्या, आणि आपल्या भागातल्या इलकली साड्या, सगळं गावाच्या नावासकट. पुढे ‘जुने’, ‘फाटके’, ‘कसर लागलेले’ असे शेरे. किती सरदारांचं ऐश्वर्य कसरीच्या भक्ष्यस्थानी पडलेलं होतं, हे असे शेरे वाचल्याशिवाय समजत नाही.

मातीची मडकी, सुपं, टोपल्या, केरसुण्या, जातं, उखळ-मुसळ यांचा पत्ता यादीत क्वचित लागतो. म्हणजे ज्या वस्तूंना घरातल्या बायका आणि गडीमाणसं दिवसभर हात लावत होती, त्याच नेमक्या गळालेल्या. विकून पैसे येत नाहीत ती वस्तू मोजायची कशाला?

काही माणसं मात्र मोजलेली आहेत. पेशवाईतल्या मोठ्या घरांत कुणबिणी असत. त्या विकत घेतल्या जात, बक्षीस दिल्या जात, लग्नात मुलीबरोबर सासरी पाठवल्या जात, आणि हिशेबात त्यांची नावं, वयं, किमती येतात. आयर्लंडमधल्या यादीत नोकराचं अंथरूण लिहिलेलं असतं, नोकर नसतो. इथे दळणारी, पाणी भरणारी, गोठा काढणारी बाई स्वतःच जमेच्या बाजूला. मराठी ऐतिहासिक कादंबऱ्यांनी वाड्याची समई, झुंबर, अत्तर यांवर पानंच्या पानं खर्च केली, पण या ओळीवरून त्या झटकन पुढे सरकल्या. १८४३ च्या कायद्याने कंपनीच्या मुलखात गुलामगिरीला कोर्टाचा आधार उरला नाही. त्यानंतर ही नोंद कागदावरून गेली. बाया वाड्यातच राहिल्या.

मोजदादीचे प्रसंगही पाहावे लागतात. इंग्लंड-आयर्लंडात माणूस मेला की मृत्युपत्राच्या अंमलबजावणीसाठी त्याच्या चीजवस्तूंची यादी करण्याची रीतच होती. आपल्याकडे एकत्र कुटुंब. कर्ता गेला तरी मिळकत तिथेच, फक्त कर्ता बदलला. यादी करायचं कारणच नाही. ते कारण चारच प्रसंगी पडे: लग्नात, कारखान्याचा दारोगा बदलताना, भावांच्या वाटणीत, आणि जप्तीत.

लग्नातली यादी सर्वांत हौशी. सवाई माधवरावांचं लग्न फेब्रुवारी १७८३ मध्ये झालं. त्या वेळी नाना फडणिसांच्या देखरेखीखाली झालेली बंदोबस्ताची याद प्रसिद्ध आहे. कोणाला कोणी सामोरं जायचं, पंगती कशा बसवायच्या, वाढप कसं, दिवापाणी कसं, सगळं कलमवार. वस्तूंपेक्षा वागणुकीचीच ती यादी म्हणावी.

वाटणीपत्रं जास्त बोलतात, कारण तिथे भाऊ भावावर विश्वास ठेवत नाही. घर खणांवर मोजलं जातं. पूर्वेचे इतके खण थोरल्याकडे, पश्चिमेचे धाकट्याकडे. विहीर, न्हाणी, परसाकडची वाट सामाईक. देव बहुधा थोरल्याकडे, आणि कुळाचाराचा खर्च सगळ्यांनी वाटून द्यायचा. मोठा हंडा दोघांत कापता येत नाही, म्हणून तो एकाकडे आणि त्याचं मोल दुसऱ्याला. बायकांच्या अंगावरचं सोनं स्त्रीधन, ते वाटणीबाहेर. हा ‘बाहेर’ शब्द सोपा वाटतो, पण पुढे जप्तीच्या वेळी सगळ्यात मोठी भांडणं याच रेषेवर झाली. एखादी नथ राणीची की दौलतीची, हे ठरवणार कोण?

आता पुन्हा कित्तूरकडे. २३ ऑक्टोबरनंतर मुंबई सरकार हादरलं. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, दख्खनचा कमिशनर विल्यम चॅप्लिन. सहा वर्षांपूर्वी, १८१८ मध्ये टॉमस मन्रोने बेळगावच्या किल्ल्याला वेढा घातला तेव्हा याच कित्तूरकरांनी इंग्रजांना मदत केली होती. ती आता कोणाला आठवत नव्हती. नोव्हेंबरभर फौजा जमल्या. कैदी सोडून द्या, मग बोलू, असा निरोप गेला. डिसेंबरच्या सुरुवातीला स्टीव्हन्सन आणि एलियट सुखरूप बाहेर आले. तरी हल्ला झालाच. मन्रो याच आडनावाचा सोलापूरचा सबकलेक्टर त्यात मारला गेला. ५ डिसेंबरच्या सुमारास किल्ला पडला. चन्नम्मांना बैलहोंगलच्या किल्ल्यात ठेवलं, तिथेच १८२९ मध्ये त्या वारल्या. त्यांचा सरदार संगोळ्ळी रायण्णा याने १८३० मध्ये पुन्हा बंड केलं आणि पुढच्या वर्षी त्याला नंदगडला फाशी दिलं.

मग थॅकरेला जी करायची होती ती मोजदाद झाली. रोख सुमारे १६ लाख, जवाहीर सुमारे ४ लाखांचं, शिवाय घोडे, उंट, हत्ती, ३६ तोफा, तलवारी, बंदुका. कित्तूरबद्दल लिहिणारे आजही हेच आकडे देतात. या यादीचा भर कशावर आहे ते पाहावं. पहिल्यांदा रोकड, मग दागिने, मग जनावरं आणि हत्यारं. ब्रिटिश फौजेच्या रिवाजाप्रमाणे जिंकलेल्या ठिकाणचा माल मोजून, विकून त्याचे वाटे पडत. त्यामुळे मोजणाऱ्याला जे विकता येईल तेच दिसलं. शिवलिंगरुद्रांचे वडील मल्लसर्जा देसाई यांच्या दोन राण्या, थोरल्या रुद्रम्मा आणि धाकट्या चन्नम्मा, शिवाय शिवलिंगरुद्रांची विधवा वीरम्मा, अशी बायकांची तीन बिऱ्हाडं त्या वाड्यात होती. त्यांच्या देव्हाऱ्यात काय होतं, त्यांचं जेवण एकत्र होतं की वेगळं, हे त्या आकड्यांच्या ओळीत शिरलंच नाही. कित्तूरच्या पडक्या वाड्यात आज न्हाणीघरं, पाण्याचे नळ, भिंतींची जाडी दाखवतात. त्या दगडविटा इथे यादीपेक्षा जास्त सांगतात.

एलियटबद्दल एक गोष्ट जाता जाता सांगण्यासारखी. कैदेत बरी वागणूक मिळालेला हा तरुण अधिकारी पुढे दक्षिण मराठा मुलखात राहिला, कन्नड शिकला, गावोगावचे शेकडो शिलालेख उतरवून घेतले, नाणी जमवली. सरकारी शाळांत मराठीऐवजी कन्नड हवं असा आग्रहही त्याने धरला. तोवर या भागाचं सरकारी दप्तर बहुतांशी मोडी मराठीत चाले. सीमाभागाच्या भाषेच्या भांडणाचा एक धागा तिथपर्यंत मागे जातो.

निपाणीची कथा वेगळ्या चालीची. सिद्धोजीराव नाईक निंबाळकर, ऊर्फ अप्पासाहेब देसाई निपाणकर, हे पेशवाईच्या शेवटच्या वीस वर्षांत धुमाकूळ घालून वर आलेले सरदार. पेशव्यांकडून सरलष्करी मिळवली, १८०३ मध्ये वेलस्लीच्या मोहिमेत बरोबर गेले, कोल्हापूरकरांशी चिकोडी-मनोळीसाठी लढले. १८१८ नंतर इंग्रजांनी त्यांची जहागीर ठेवली, पण चिकोडी-मनोळी काढून घेतली. अप्पासाहेबांना मूल नव्हतं. एका मुलाला आपलं म्हणून पुढे करण्याचा जो प्रयत्न झाला तो सरकारने बनावट ठरवला. १८३९ मध्ये ते वारले आणि जहागीर खालसा झाली. १८४१ मध्ये वारसा सांगणाऱ्या पक्षाने अरबांच्या जोरावर निपाणीची गढी बळकावली. बेळगावच्या छावणीतून फौज आणि तोफा आल्या, गढी पडली. अरब शिबंदी ही त्या काळच्या वाड्यांच्या हिशेबातली एक कायमची रक्कम असे. घरधनी गेला, पगार थकला, की हीच माणसं वाड्याची मालक होऊन बसत. त्यांच्या थकलेल्या तनख्याचा आकडा कुठल्याही दागिन्याच्या यादीइतकाच घराबद्दल सांगतो.

कित्तूर आणि निपाणीत अनुभवलेली ही तऱ्हा लॉर्ड डलहौसीच्या काळात नेहमीची झाली. सर्वांत गाजली ती नागपूरची मोजदाद. तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये निपुत्रिक गेले. राज्य खालसा झालं आणि मागोमाग राजवाड्यातली चीजवस्तू, हत्ती, घोडे, बैल लिलावात काढले. जनावरं कवडीमोलाने गेली, जवाहीर विक्रीला कलकत्त्याला. वृद्ध बांकाबाईंनी सामान हलवलं तर वाड्याला आग लावीन असं बजावल्याची वदंता इंग्रज इतिहासकार जॉन के यानेच नोंदवली आहे, आणि राज्य घेतल्यापेक्षा ही सामानाची विक्री लोकांना जास्त झोंबली असंही त्याने ऐकलं होतं. मला हे पटतं. राज्य जाणं दरबारात समजतं, पण ओळखीचा हत्ती बाजारात उभा राहिला की गावाला समजतं.

आमच्या भागात त्याच सुमाराला इनाम कमिशन फिरत होतं. त्याची सुरुवात १८४० च्या दशकात दक्षिण मराठा मुलखातच झाली आणि १८५२ च्या ११ व्या कायद्याने त्याला बळ मिळालं. कमिशनला भांड्याकुंड्यांत रस नव्हता. त्याला सनदा हव्या होत्या. पण सनद दाखवायची तर दप्तर उघडावं लागे. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या रुमालांत बांधलेले कागद होते, ती घरं तगली. ज्यांचे कागद वाळवीने खाल्ले किंवा पेंढाऱ्यांच्या धामधुमीत जळाले, त्यांची इनामं गेली. पाच वर्षांत ३५,००० इनामांची चौकशी होऊन २१,००० काढून घेतली, असे आकडे कमिशनवर तुटून पडलेल्या मुंबईच्या रॉबर्ट नाईटने मांडले होते.

या कमिशनात काम केलेला चार्ल्स मॅन्सन पुढे दक्षिण मराठा मुलखातल्या संस्थानांचा पोलिटिकल एजंट झाला. त्यांपैकी नरगुंदचे संस्थानिक भास्करराव भावे, म्हणजे बाबासाहेब, यांना दत्तकाची परवानगी नाकारलेली होती. शिवाय १८५७ च्या उठावामुळे हत्यारं जमा करण्याचा हुकूम होता, म्हणजे पुन्हा वाड्यात शिरून मोजदाद. २९ मे १८५८ च्या रात्री रामदुर्गजवळ सुरीबान इथे बाबासाहेबांच्या माणसांनी मॅन्सनला ठार केलं. तीनचार दिवसांत नरगुंद पडलं. बाबासाहेबांना १२ जूनला बेळगावात फाशी दिलं. त्यांची आई आणि पत्नी यांनी मलप्रभेत जीव दिला.

बाबासाहेबांकडे तीन-चार हजार संस्कृत ग्रंथांचा संग्रह होता, असं इंग्रजी कागदच सांगतात. तो विखुरला. तोफांची संख्या लिहायला वेळ होता, ग्रंथांची नावं लिहायला नव्हता. नरगुंदच्या वाड्यात काय वाचलं जात होतं, न्याय की वेदान्त, काव्य की वैद्यक, हे एका साध्या यादीने कळलं असतं. तंजावरच्या भोसल्यांचं राज्य १८५५ मध्ये वारस नाही म्हणून खालसा करण्याच्या याच धोरणाने गेलं, त्यांचंही सामान जप्त झालं, खटला थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. पण सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह जागेवर राहिला आणि बर्नेल याने त्याची सूची १८८० मध्ये छापली. सरफोजीराजांच्या आवडीनिवडी म्हणूनच आपल्याला माहीत आहेत.

बंडानंतर धोरण फिरलं. १८६२ मध्ये कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. सांगली, मिरज, कुरुंदवाड, जमखंडी, रामदुर्ग ही घराणी त्यामुळे टिकली आणि त्यांच्या वाड्यांच्या दारावर परक्याची मोहर पडली नाही. बेळगावला लागून असलेलं शहापूर सांगलीकरांचंच होतं. छावणीपासून हाकेच्या अंतरावर वेगळं राज्य, वेगळी जकात.

त्यांच्याकडे मोजदाद आली ती मार्च १९४८ मध्ये, दख्खनची संस्थानं विलीन झाली तेव्हा. या वेळी यादी राजाने स्वतः करून द्यायची होती: खासगी मिळकत कोणती, दौलतीची कोणती. सव्वाशे वर्षांपूर्वी थॅकरेने कित्तूरच्या दारात उभं राहून विचारलेलाच हा प्रश्न, पण उत्तर लिहिणारा हात घरातला. साहजिकच या याद्यांत बंगले, बागा, विहिरी, शेतं, मोटारी, रोखे अगदी तपशीलवार आहेत, आणि वाद झाले ते देवस्थानांच्या दागिन्यांवर, राजवाड्याच्या आवारातल्या कचेऱ्यांवर, शिकारीच्या जागांवर. भांडी वजनावर लिहायची पद्धत तोवर गेली होती. कुणबिणींची ओळ अर्थातच नव्हती, पण पेन्शनला पात्र असलेल्या खासगीकडच्या नोकरांची होती.

१९५६ मध्ये बेळगाव जिल्हा म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक, राज्यात गेला. पेशवे दप्तर आणि इनाम कमिशनचे कागद पुण्यात, मुंबई सरकारच्या राजकीय खात्याच्या फायली मुंबईत, कोल्हापूर दरबारचं दप्तर कोल्हापुरात, आणि ज्या घरांबद्दल हे सगळं लिहिलं आहे ती घरं, त्यांचे उतारे आणि न्यायालयातली भांडणं कर्नाटकात, कन्नडमध्ये. निपाणीच्या एखाद्या वाड्याचा इतिहास लिहायचा तर मोडी, इंग्रजी आणि कन्नड तिन्ही वाचता यायला हवं. तशी माणसं पूर्वी या भागात प्रत्येक तालुका कचेरीत भेटत.